पंधरा गाठी

१२ ऑक्टोबर १९९९, मंगळवार

पोचलो बुवा एकदाचा! जव्हारच्या डेपोत एसटीत चढताना कंडक्टरने विचारलं, दोन मडक्यांत काय आहे. म्हटलं, लोणचं. गडी खूश झाला आणि जामसरपर्यंत त्यातल्या एका मडक्याला पाय टेकवून बसला. आत साडेचार फुटांचा नाग होता. दुसऱ्यात घोणस. उतरल्यावर सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा पडला की विचारू नका. मी मात्र पोट धरधरून हसलो.

जामसरहून पुढे दीड तास चाल. करवंदपाड्याचे दोघे भाऊ घ्यायला आले होते. मोठा पुंजा, सहा फुटी, दोन्ही मडकी दोन खांद्यांवर घेऊन डोंगर चढला आणि वर मलाच विचारतो, दमलात का मास्तर. धाकटा देवानंद वस्तीशाळेत शिकवतो. इथे सगळे मला सापवाले मास्तर म्हणायला लागलेत.

राहायला गवताची वखार दिली आहे. कमरेपर्यंत विटा, वर बांबूच्या तट्ट्या, डोक्यावर कौलं. एक दार, मागे एक खिडकी. पाड्यापासून हाकेच्या अंतरावर. ऐसपैस आहे. भातकापणी उरकत आली की गवतकापणी सुरू होईल. गेल्या हंगामात कापताना इथली तीन माणसं साप चावून गेली, म्हणून संस्थेने मला पाठवलं. महिनाभराचं शिबिर. नीट पार पडलं तर कायमची नेमणूक, असा शब्द आहे साहेबांचा. पस्तिशी उलटली, अजून मडकी घेऊन गावोगाव हिंडतोय. आता ही नोकरी हातची जाऊ द्यायची नाही.

संस्थेला अहवाल वेगळा जाईल. ही वही माझी.

१४ ऑक्टोबर

बारा जण आहेत. बायका दाराशी बसून ऐकतात आणि खरं सांगायचं तर त्याच जास्त ऐकतात. पुंजाची आई, नाव लाडकी, म्हातारी आहे, पण ताठ. पुंजाची बायको पारू माझं जेवण आणते, नाचणीची भाकरी आणि उडदाचं काहीतरी झणझणीत. जिभेला चटका बसतो, पण ताट चाटूनपुसून साफ होतं.

पहिला धडा काठीचा. सापाला हवेतलं बोलणं फारसं कळत नाही, त्याला जमीन कळते. गवतात शिरताना काठी आपटत चला, तो आपणहून वाट सोडतो. सगळ्यांना ओळीत उभं करून टप टप टप करायला लावलं. पाड्यातली कुत्री पळून गेली.

दुसरा धडा माझा हुकमी. सापाला धरायचं नाही, घालवायचं. चहूबाजूंनी उजेड आणि काठ्या, एकच बाजू अंधारी. तिथे पाइपचं तोंड. पाइपचं दुसरं टोक पिशवीत. साप तोंडाशी आला की काठ्या थांबवायच्या. श्वाससुद्धा घ्यायचा नाही. त्याला वाटतं सुटलो, आणि तो आपल्या पायांनी, म्हणजे पाय नसतात लेकाचे, पण आपणहून आत जातो. घोणशीवर करून दाखवलं. एकच टाळी पडली! देवानंदने सगळं वहीत उतरून घेतलं.

लहान्या नावाचा एक जण मध्येच जांभया देत होता. त्याच्या पाठीत काठी घातली. शिकवताना मला चेष्टा खपत नाही. पुंजाने येऊन काठी माझ्या हातातून अलगद काढली, जमिनीवर ठेवली आणि हसत म्हणाला की ही सापासाठी हाय ना मास्तर. रागच आला. पण त्याचं हसणं असं की मीही हसलो.

१८ ऑक्टोबर

आज नाग खाली केला, म्हणजे त्याचं विष काढून घेतलं. काचेच्या पेल्याला प्लास्टिक ताणून बांधायचं, डोकं धरून दात त्यात रुतवायचे. पिवळे थेंब ओघळतात. पेला सगळ्यांना दाखवला, लाडकीने वाकून वास घेतला. खाली केलेला नाग म्हणजे रिकामी बंदूक, घ्या खुशाल हातात, म्हटलं. वर्गाआधी खाली करायचा आणि मग सरावाला द्यायचा, ही माझी पद्धत. पुस्तकी पंडित नाकं मुरडतात, पण हातात खरा साप धरल्याशिवाय भीती मोडत नाही, हे त्यांच्या बापाला कळायचं नाही.

हेही सांगितलं की मारायचा नाही. पण अगदीच जिवावर आलं तर सतरा तडाखे घालून रान उठवू नका. एकच, कमरेत. कणा मोडला की तो धाव घेत नाही, नुसता सरपटतो.

पुंजा सगळ्यांत चांगला. हात थरथरत नाही. साहेब तेवीसला पाहणीला येणार आहेत, त्यांच्यापुढे त्यालाच उभा करणार.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

लिहायचं कसं.

काचेचा पेला सोमवारीच वर्गानंतर फुटला. त्यामुळे नंतर नाग खाली केलाच नाही, आजही नाही. शेवटचा सोमवारी. चार दिवसांत कितीसा भरतोय, असं मनाशी म्हटलं. उद्या साहेब येणार, सराव तर हवा. पुंजाने विचारलं होतं. खाली हाय ना मास्तर. मी म्हटलं, खाली आहे.

साडेदहाला चावला. अंगठ्याशेजारच्या मांसात, आणि सोडेना, चावत राहिला. पुंजाने ओढून काढला तेव्हा मांसाचा लचका आला. हसला. म्हणाला, काय नाय, खाली हाय.

अकराला पापण्या उतरल्या. बोट लावून वर करायचा, परत उतरायच्या. जीभ जड झाली. लाळ गळायला लागली. देवानंद झोळी बांधू लागला, रस्त्यावर न्यायचं, तिथून जव्हारला दवाखान्यात. मी दारात आडवा उभा राहिलो. दवाखान्यात गेला की कागद होणार, कागद साहेबांपर्यंत जाणार. मी ओरडलो की खाली नाग आहे, नुसता भ्यालाय हा, सोंग करतोय. पुंजाने मान टाकली होती. मी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या. नीट बस म्हणालो. पारू बघत होती. लाडकी बघत होती.

दीड तास. मी त्यांना दीड तास अडवलं.

साडेबाराला श्वास घशात अडकायला लागला, घुर्र घुर्र. तेव्हा बाजूला झालो. झोळी रस्त्याला लागायच्या आत गेला. परत आणला तेव्हा हात कोपरापर्यंत काळा, सुजून कातडी फाटलेली, आणि गालावर माझी बोटं उठलेली. मेल्यावर वळ जात नाहीत. मला माहीत नव्हतं.

२३ ऑक्टोबर

पोलीस पाटील आला, साहेबही आले. मी कोपऱ्यात उभा. आता देवानंद सांगणार. आता पारू सांगणार.

देवानंद म्हणाला, भाऊ पहाटे गवतात गेला होता, तिथे लागलं. पारूला विचारलं. ती म्हणाली, गवतात. लाडकी म्हणाली, गवतात. वर्गातले बाकीचेही तेच.

साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, बघा, शिबिराची किती गरज आहे इथे. चालू ठेवा.

देवमाणसं आहेत. मी एकटा असताना ढसाढसा रडलो. लाज वाटते मला, फार वाटते. पण सुटलो, हेही खरं. ज्यांचा मुलगा मी मारला त्यांनीच मला वाचवलं. ह्या पाड्याचे पांग फेडायचे. एकेकाला तयार करून जाणार.

२४ ऑक्टोबर

पारू वर्गात आली. कपाळ मोकळं. पुंजाच्या जागी उभी राहिली. मी म्हटलं, बाई, घरी बसा. देवानंदने समजावलं की इथे कापणीच्या ओळीतला एक पडला तर त्याच घरातलं माणूस त्या जागी उभं राहतं, ओळ तुटू द्यायची नाही. रीतच आहे.

तिने एकच प्रश्न विचारला. त्या दिशी ह्यो माझ्या माणसाच्या अंगात रिकामा झाला, तं पुरता भरंल कवा?

असा नेमका प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, खाऊपिऊ घातलं, छेडलं नाही, तर पंधरा दिवस. तिने मान हलवली. गवताची दोरी वळून त्या नागाच्या मडक्याच्या गळ्याला बांधली आणि तिला दोन गाठी मारल्या. इथले लोक दिवस असेच मोजतात. लग्नाचं बोलावणंही गाठी मारून धाडतात म्हणे.

२७ ऑक्टोबर

पाच गाठी. पारू उंदीर आणते, बेडूक आणते. नागाला असं जपते की माझी मलाच लाज वाटावी. मी म्हटलं, सराव करू ह्याच्यावर. नको म्हणाली. त्याला छेडायचा नाय. मडकं स्वतःच्या घरी घेऊन गेली. अडवायला तोंड नव्हतं मला.

हात मात्र काय तयार झालाय तिचा! घोणस तीन मिनिटांत पाइपात घातली. बाकीचेही. कुणी जांभई देत नाही. कुणी हसत नाही. मी विनोद करतो तर बघत राहतात. दुखवटा आहे, चालायचंच.

३० ऑक्टोबर

आठ गाठी.

एक गोष्ट आज डोक्यात आली. गवत उभं आहे. आसपासच्या पाड्यांवर कापणी सुरू झाली, इथे एकही विळा बाहेर निघाला नाही. सकाळी येतात, सूर्य डोंगराआड जाईपर्यंत सराव करतात. वखारीभोवती गोल उभे राहून काठ्या आपटतात. टप टप टप. पुरे म्हटलं तरी थांबत नाहीत. ओरडलो, शिव्या घातल्या. टप टप टप.

दुपारी दारात घोणस पडली होती. जिवंत. कमरेत मोडलेली, एकच तडाखा, नेमका मध्ये. पुढचा अर्धा भाग ओढत होती, मागचा नुसता लोळत होता. आतड्याचं वेटोळं बाहेर आलेलं. माझी सहा वर्षांची घोणस. मी किंचाळलो, कुणी केलं हे?

लाडकीने हात वर केला. वर्गात करतात तसा. मी शिकवलेलं बरोबर जमलं का, एवढंच तिला विचारायचं होतं.

मीच दगड घालून तिचं डोकं ठेचलं.

२ नोव्हेंबर

अकरा.

राहवलं नाही. देवानंदला गाठलं. विचारलं, त्या दिवशी खरं का सांगितलं नाहीस.

तो शाळेत मुलांना सांगावं तसं शांतपणे बोलला. खरं सांगितलं असतं तर पोलीस तुम्हाला जव्हारला घेऊन गेले असते मास्तर. मग तुम्ही आमच्याकडे राहिला नसता.

मग वही उघडली त्याने. माझे धडे. सुवाच्य अक्षरात. शेवटच्या पानावर वखारीचं चित्र, एक दार, मागची खिडकी. दाराला लागून एक लांब नळी काढलेली.

उद्या पहाटे निघतो. सामान गेलं खड्ड्यात. नोकरी गेली खड्ड्यात.

३ नोव्हेंबर

नाही जमलं.

जामसरच्या वाटेवर दोघे उभे. काठ्या आपटत. ओढ्याकडे वळलो, तिथे तिघे. शिव्या नाहीत, धावून येणं नाही. टप टप टप. कुठेही वळा, पुढे काठ्या, फक्त वखारीची बाजू मोकळी. हात जोडले, पाया पडलो. मी त्याला मारायचं म्हणून मारलं नाही हो, मला नोकरी हवी होती, एवढंच. ऐकत होते. काठ्या थांबल्या नाहीत.

डोकं फिरलं माझं. साप उचलायचा लोखंडी आकडा होता हातात. देवानंदच्या तोंडावर घातला. गाल फाटला, आतले दात दिसले. तो रक्ताची गुळणी थुंकला, त्यात दोन दात. हाताने गाल मिटून धरला आणि दुसऱ्या हाताने—

टप. टप.

दुपारी मी परत वखारीत होतो. माझ्या पायांनी आलो. मला कुणी बोट लावलं नाही.

४ नोव्हेंबर

तेरा.

खिडकीतून उडी मारली आणि पळालो. गवतातून, छातीएवढ्या. पन्नास पावलं गेलो असेन. पारू गवतातच बसली होती.

एकच तडाखा. डाव्या नडगीवर. आवाज मीच ऐकला, ओलं लाकूड मोडल्यासारखा. हाड बाहेर आलंय. पांढरं. मी ओकलो.

घोट्यांना धरून ओढत आणलं. मोडलेल्या पायालाही. खिडकीवर आता फळ्या ठोकल्यात. विळा, आकडा, सुतळीसुद्धा नेली. वही ठेवली. दाराशी भाकरी ठेवतात, पाणी ठेवतात. पारू आणते. उंदीर आणायची तशी. भाकरी ताजी असते.

उभं राहता येत नाही. सरपटतो.

खरं लिहितो. मला माहीत होतं तो भरलेला असेल. अगदी नक्की नाही, पण माहीत होतं. पुंजाने विचारलं तेव्हा माहीत होतं. कुणाच्या हाती ही वही लागली तर हे वाचा. मी, उमेश नावाच्या माणसाने, पुंजाला मारलं. मग थोबाडीत दिल्या.

५ नोव्हेंबर

चौदा. पारूने दारातून मडकं दाखवलं. आत फुत्कार. तट्ट फुगलाय, तजेलदार दिसतो म्हणाली. खूश दिसली. त्या दिवसापासून पहिल्यांदा.

वर चढलेत. कौलं उतरवताहेत. एकेक, हलक्या हाताने, एक फुटत नाही. ऊन आत. कोपरान् कोपरा उघडा. कुठे सावली नाही. पायाला माश्या—

बाहेर तट्ट्या वाकवताहेत. लांब. वरून गोणपाट, वरून गवत. आत उजेड जाऊ नये म्हणून. एक भोक दिसलं तर लाडकी बोटाने दाखवते, लहान्या बुजवतो.

त्याचं एक तोंड दाराशी आणून टेकवलं. माणूस ओणवा मावेल एवढं.

आत काळं आहे.

६ नोव्हेंबर

पंधरा. पारूने एकेक गाठ मला मोजायला लावली. मोठ्याने. चुकलो तर परत.

मग मडकं घेऊन तट्ट्यांच्या आत गेली, पार टोकापर्यंत. आली तेव्हा हात रिकामे. मडक्याचं फडकं कमरेला खोचलेलं. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, खाली हाय.

—

धूर. चारी भिंतींना ओला पाला पेटवलाय. तट्ट्या धरल्या एका बाजूने. वर ऊन, डोळे उघडत नाहीत, खोकल्यातून रक्त— काठ्या आता भिंतीवर. माझ्या पाठीशी. सगळीकडून. जमीन हलते. मोडक्या हाडातून कळतंय मला, जमीन—

एक चूक नाही. च्यायला, एक चूक नाही ह्यांची—

मी जाणार नाही. आत काय आहे मला माहीत आहे. मीच शिकवलं. मी माणूस आहे, मी काही—

केस जळाले. उजवा कान.

तिथे धूर नाही. तोंडाशी आलोय. नुसता बघायला. गार वारा येतोय आतून, गार. बघायला काय हरकत

काठ्या थांबल्या.

सगळ्या. एकदम. कुणी श्वास घेत नाही

सुटलो

डोकं घालतो फक्त. गार आहे. अंधा